साहाय्य यंत्राचे, उत्तरदायित्व कोणाचे?

बृहदीश्वर मंदिर, त्यातील मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांच्या ओढीने मराठी माणसाची पावले तंजावरकडे वळतात. मोटारीने जाणाऱ्यांना कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात सुगीच्या दिवसांत रस्त्यावरच वाळत घातलेले भात दिसते. त्याखाली रस्त्यावरील पांढरे पट्टे झाकले जातात. नेमक्या याच पट्ट्यांवर कॅमेऱ्याची नजर ठेवून गाडीला मार्गिकेत राखणारी आणि अडथळा दिसताच ब्रेक लावणारी चालक-साहाय्य प्रणाली, म्हणजेच ‘अडास’, आता अनेक नव्या गाड्यांत असते. पट्टे दिसेनासे झाले की ही नजर अधू होते. अशा वेळी अपघात घडल्यास जबाबदार कोण?

स्वयंचलनाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ० ते ५ अशा पायऱ्या आहेत. आपल्याकडील ‘अडास’युक्त गाड्या सर्वसाधारणपणे दुसऱ्या पायरीपर्यंतच्या आहेत. या पायरीवर यंत्र केवळ मदतनीस असते. रस्त्यावर अखंड लक्ष ठेवणे हे चालकाचेच कर्तव्य राहते.

मोटार वाहन कायदा, १९८८ यातही प्रथम चालक व मालक यांनाच विचारणा होते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ नुसार, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये भरपाई मागता येते. ती देण्याचे दायित्व मालकावर किंवा त्याच्या विमा कंपनीवर असते.

येथे कर्जदार ग्राहकांनी एक बाब ध्यानी घ्यावी. नोंदणी प्रमाणपत्रावर तारण म्हणून बँकेचे नाव असले, तरी कलम २(३०) नुसार करारान्वये गाडी ज्याच्या ताब्यात असते, तोच ‘मालक’ ठरतो. म्हणून विम्याचे नूतनीकरण एक दिवसही चुकवू नये.

मग उत्पादक मोकळाच सुटतो काय? तसे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार रचनेतील वा निर्मितीतील दोष आणि अपुऱ्या सूचना यांबद्दल उत्पादकावर दावा करता येतो. मात्र ग्राहकाने वस्तूचा गैरवापर केला असल्यास दावा टिकत नाही. अपघातात एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ह्युंदाई कंपनीचे दायित्व कायम ठेवले. धडकेचा वेग व बल यांचे गणित ग्राहकाने जाणावे, अशी अपेक्षा करता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २०१९ साली टेस्लाची ‘ऑटोपायलट’ प्रणाली चालू असताना चालक खाली पडलेला फोन उचलण्यास वाकला आणि एका तरुणीचा बळी गेला. २०२५ मध्ये तेथील ज्यूरीने चालकाचा दोष ६७ टक्के व कंपनीचा ३३ टक्के ठरविला. कंपनीने या निकालास आव्हान दिले. यंत्राचा दोष मान्य करूनही मोठा वाटा चालकाच्याच पदरी पडला, हे यातून घेण्याजोगे.

तेव्हा गाडी घेताना विक्रेत्याच्या शब्दांवर विसंबू नये. प्रणाली कोणत्या परिस्थितीत काम करीत नाही, हे माहितीपुस्तिकेत वाचावे. स्टिअरिंगवर हात असल्याचा आभास निर्माण करणारी उपकरणे लावू नयेत. अपघात घडल्यास जखमींना वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, पोलिसांना व विमा कंपनीला कळवावे. प्रणालीत दोष असल्याचा संशय आल्यास तपासणीपूर्वी गाडी दुरुस्त करू नये, कारण पुरावा त्या गाडीतच असतो.

रस्त्यावर भात पसरणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या गाडीतील यंत्र ठाऊक नसते. त्याचा भरवसा असतो तो स्टिअरिंगमागील माणसावर.