दारातल्या कुत्रीची गाठ

आजच्या भागात टास्मानियाला जायचं कबूल केलं होतं, पण ते आठवडाभर थांबेल. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेहून एका ताईंचं पत्र आलंय आणि त्याला उत्तर द्यायला उशीर करणं मला पटत नाही.

त्यांच्या दारात वाढलेल्या कुत्रीच्या अंगावरून दोन महिने थेंब थेंब रक्त जात होतं. माजावर असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. (हीच चूक जवळजवळ प्रत्येक घरी होते.) मग शेपटीखाली फुलकोबीच्या गड्ड्यासारखा लालभडक गोळा दिसला. डॉक्टरांनी ‘टीव्हीटी’ सांगितलं. हा कॅन्सर एका कुत्र्यापासून दुसऱ्याला लागतो, असंही सांगितलं. ताईंच्या सासूबाईंवर कॅन्सरचेच उपचार चालू आहेत. कुत्रीचा कॅन्सर घरात कुणाला लागेल का, हा त्यांचा प्रश्न. आणि पत्राच्या तळाशी, बारीक अक्षरात: नणंदेने सासूबाईंचं ताट-पेला वेगळा काढलाय, ते बरोबर आहे का?

कुत्रीचा कॅन्सर कुठल्याही माणसाला लागणार नाही. आणि ताट आजच्या आज परत सगळ्यांच्या ताटांत ठेवा. का, ते आता सांगतो.

परवा मी जाऊन ती कुत्री पाहिली. तोंडाला पट्टी बांधून गोळ्यावर काचपट्टी अलगद टेकवली, घरी आणून जिम्साच्या रंगात रंगवली. सूक्ष्मदर्शकाखाली गोल गोल पेशी, आणि त्यांच्या आत कडेकडेने रिकामे बुडबुडे, मणी ओवल्यासारखे. किती वर्षं हे चित्र पाहतोय, तरी दर वेळी भिंगावरचा हात थबकतो. कारण त्या पेशी त्या कुत्रीच्या नाहीतच.

कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात. या गाठीच्या पेशीत साधारण ५७ ते ६४. जगातल्या कुठल्याही कुत्र्याची ही गाठ घ्या, तिचं नातं ती ज्याच्या अंगावर आहे त्या कुत्र्याशी जुळत नाही, दुसऱ्या गाठींशी जुळतं. ४३ देशांतल्या ५४६ गाठी तपासून २०१९ साली संशोधकांनी हिशोब मांडला: हा सगळा गोतावळा आशियातल्या एकाच कुत्र्यापासून आला, चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या. इनामगावात प्राचीन जोर्वे संस्कृतीची घरं उभी राहण्याआधीच तो कुत्रा मेला होता. त्याच्या पेशी मात्र अंगावरून अंगावर जात सिंदी मेघेच्या त्या ओट्यापर्यंत आल्या. इथे विषाणू नाही, जंतू नाही. पेशीच लागण. भाद्रपदात कुत्र्यांचा मेळ जमतो तेव्हा ती पसरते. हुंगण्या-चाटण्यातून कधी नाकातही बसते, मग नाकातून रक्त येतं.

मग माणसात का नाही? सख्ख्या भावाची किडनी बसवली तरी शरीर ती परकी म्हणून ओळखतं आणि आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. आपल्या पेशींच्या अंगावर ओळखीच्या खुणा असतात. परकी खूण दिसली की पांढऱ्या पेशी तुटून पडतात. कुत्र्याच्या या गाठीने स्वतःच्या खुणा जवळजवळ पुसून टाकल्यात, म्हणून ती दुसऱ्या कुत्र्यात तगते. माणसाच्या शरीरात तिचा टिकाव लागत नाही.

माणसाचा कॅन्सर माणसाला लागल्याचे अपवाद आहेत, आणि ते लपवणार नाही. जर्मनीतल्या एका शल्यविशारदाच्या तळहाताला रुग्णाची गाठ काढताना इजा झाली. पाच महिन्यांनी तिथेच गाठ आली, आणि तपासणीत ती रुग्णाच्याच पेशींची निघाली. १९९६ साली हे छापून आलं. गाठ काढली, दोन वर्षांनंतरही ती परतली नव्हती. अवयवरोपणातून, क्वचित आईकडून पोटातल्या बाळाला, असंही घडलंय. या सगळ्यांत पेशी थेट शरीराच्या आत पोचली होती. ताटातून, पेल्यातून, अंथरुणातून, मिठी मारण्यातून ती जात नाही. कॅन्सरला कारण ठरणारे एचपीव्ही किंवा हेपॅटायटिस बी पसरतात खरे, पण पसरतो तो विषाणू, कॅन्सर नव्हे. त्याच्यावर पुढे सबंध एक भाग लिहीन.

ताटाचं वाचून मला वर्ध्याजवळचं दत्तपूर आठवलं. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली तिथे कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्रामला कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला गांधीजी स्वतःच्या हाताने मालिश करत. कुष्ठरोग तर खरोखर जंतूंचा, थोडा का होईना लागणारा. त्याच वर्ध्यात आज न लागणाऱ्या आजारासाठी एका म्हातारीचं ताट वेगळं निघतं, हे वाचून मला फार वाईट वाटलं. नणंदेला हा भाग वाचून दाखवा.

आता कुत्री. तिला हाकलू नका; दुसऱ्या गल्लीत गेली तर गाठही तिथे जाईल. या आजारावरचं औषध व्हिन्क्रिस्टिन, आणि ते निघतं सदाफुलीतून! ताईंच्या तुळशीशेजारीच गुलाबी सदाफुली फुललेली दिसली. (पाला उकळून मात्र कुणाला, कुत्रीलाही, पाजू नका, हे झाड विषारी आहे.) किलोमागे ०.०२५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, शिरेतूनच. शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं. बहुतेक कुत्री चार-सहा इंजेक्शनांत बरी होतात. उपचार चालू असताना तिची लघवी-विष्ठा हातमोजे घालून काढा, कारण औषधाचा अंश त्यात उतरतो. बरी झाली की नसबंदी करून घ्या आणि रेबीजची लस टोचा. कुत्र्यापासून माणसाने जपायचं ते रेबीजपासून.

पहिलं इंजेक्शन सोमवारी झालं. तिसऱ्यानंतर पुन्हा काचपट्टी घेणार आहे. तेव्हा त्या बुडबुडेवाल्या पेशी विरळ आणि मधे बारीक, गर्द जांभळ्या, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी दाटलेल्या दिसल्या, तर कुत्रीचं शरीर स्वतः कामाला लागलं असं समजायचं. काय दिसलं ते पुढच्या एखाद्या भागात कळवतो.