दात सरळ करणारे पारदर्शक साचे



दातांस तार लावण्याची गोष्ट आता आमच्या खेड्यांनाही नवी राहिलेली नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली की पुढे आलेल्या दातांचा विषय घरात हलक्या आवाजात निघतोच, आणि गोव्यास किंवा आखातात नोकरीस असलेला भाऊ तेथून कळवतो, ‘तारेचा त्रास कशाला? प्लॅस्टिकचे साचे मिळतात, कोणाला दिसतही नाहीत. पैसे मी पाठवतो.’ या साच्यांना अलाइनर म्हणतात. त्यांविषयी रविवारच्या मिस्साबलिदानानंतर आम्हांस अनेकदा विचारणा होते. आम्ही दंतवैद्य नव्हे. तरीही कष्टाचा पैसा जाहिरातीच्या हाती जाण्यापूर्वी चार गोष्टी कुटुंबांच्या कानी घालाव्यात, असे आम्हांस वाटते.

प्रथम दात सरकतो कसा, ते पाहू. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचा एक पातळ थर असतो. दातावर मंद परंतु सतत दाब राहिला, तर ज्या दिशेस दात ढकलला जातो तिकडचे हाड हळूहळू विरते आणि मागे मोकळ्या झालेल्या जागी नवे हाड भरते. असा दात महिन्याकाठी सुमारे एक मिलिमीटर सरकतो. दाब अधिक दिला म्हणून तो लवकर सरकत नाही. उलट मुळास इजा होण्याची भीती असते. ‘तीन महिन्यांत दात सरळ’ असे कोणी म्हणू लागले, तर हा हिशेब आठवावा.

तार असो वा साचा, दोहोंचे तत्त्व हेच. फ्रान्समधील पियेर फोशार यांनी १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात धातूच्या पट्टीस दोऱ्याने दात बांधून ते रांगेत आणण्याची रीत सांगितली आहे. पारदर्शक साच्यांचा प्रसार मात्र अलीकडचा. झिया चिश्ती व केल्सी वर्थ यांनी १९९७ साली अमेरिकेत अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली आणि इन्व्हिजलाइन या नावाने असे साचे बाजारात आणले. आता अनेक कंपन्या ते करतात, आपल्या देशातही.

दातांचे माप घेऊन संगणकावर आज ते कोठे आहेत आणि शेवटी कोठे जावयाचे आहेत, याचा आराखडा होतो व त्यावरून साच्यांची मालिका तयार केली जाते. एकेक साचा दातास साधारणतः पाव मिलिमीटर सरकवितो. आठ-पंधरा दिवसांनी पुढचा घालावयाचा. पकड मिळावी म्हणून काही दातांवर दातांच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवावे लागतात. तेव्हा ‘कोणाला दिसत नाही’ हे सर्वस्वी खरे नाही.

खरी कसोटी निराळीच आहे. हा साचा दिवसाचे वीस ते बावीस तास तोंडात राहिला पाहिजे. जेवताना तो काढावयाचा, चहा पिताना काढावयाचा, आणि पुन्हा घालण्यापूर्वी दात घासावयाचे. निदान खळखळून चूळ तरी भरावयाची. आता आपल्या घरचा दिवस डोळ्यांपुढे आणा. पहाटेचा चहा, न्याहारी, दहाची पेज, दुपारचे जेवण, पाहुणा आला की पुन्हा चहा, आणि ज्यांस सवय आहे त्यांचे मधूनमधून पान-सुपारी. प्रत्येक वेळी अर्धा तास धरला, तरी बावीस तासांचा नेम मोडला. साचा तोंडात ठेवूनच चहा घ्यावा, तर गरम पेयाने प्लॅस्टिकचा आकार बिघडतो आणि साखर दातांशी कोंडून राहते. साचा तोंडात असता गार पाण्यावाचून दुसरे काही घेऊ नये.

तार दातांवर चिकटवलेली असल्याने रात्रंदिवस आपले काम करते; खिशातला साचा काहीच करीत नाही. ज्या मुलाची पाठ्यपुस्तके महिन्यात हरवतात, त्याला साचे घेऊन देणे आमच्या मते पैशाचा अपव्यय होय. शिवाय दात फारच वळलेले असले किंवा जबड्यांचाच मेळ बसत नसला, तर बहुधा तारच अधिक भरवशाची ठरते, आणि तिचा खर्चही सहसा साच्यांहून कमी येतो. तारेचेही जाच आहेत. दीड-दोन वर्षे, चार ते आठ आठवड्यांनी दवाखान्याची फेरी; भाजलेल्या आठळ्या, ऊस, सुके खोबरे वर्ज्य; आणि घासण्यात आळस केला तर तार निघेपर्यंत दातांवर पांढरे डाग.

काहीही लावण्यापूर्वी किडलेले दात व सुजलेल्या हिरड्या बऱ्या करून घ्याव्यात. हिरड्यांतून रक्त वा पू येत असता दात हलविले, तर ते सैल होऊन गमावण्याची वेळ येते. तंबाखू, गुटखा खाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी धरावे.

आता टपालाने मिळणाऱ्या साच्यांविषयी. अमेरिकेत २०१४ साली निघालेली स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी घरोघरी ठसा घेण्याचे साहित्य पाठवी आणि त्या ठशावरून केलेले साचे थेट ग्राहकाकडे धाडी. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरात कारभार गुंडाळला. ज्यांचे उपचार अर्ध्यावर होते, त्यांस पुढे साहाय्य मिळणार नाही असे कळविण्यात आले. हप्त्याने पैसे देणाऱ्यांनी मात्र उरलेले हप्ते भरावेत, अशी अपेक्षा होती! कंपनी टिकली असती तरी मूळ दोष राहिलाच असता. ठशात दाताचा केवळ वरचा भाग उमटतो. मूळ किती लांब, हाड किती उरले, आत एखादा दात अडकला आहे काय, हे एक्स-रे काढून तज्ज्ञाने पाहावे लागते. यासाठी बी.डी.एस. नंतर याच विषयात एम.डी.एस. केलेला ऑर्थोडॉंटिस्ट गाठावा.

जोयड्याच्या लोकांस दांडेली-हळियाळमार्गे धारवाडचे एस.डी.एम. दंतमहाविद्यालय आहे, रामनगरकडील लोकांस बेळगावचे के.एल.ई., आणि अनमोड घाट उतरून जाणाऱ्यांस बांबोळीचे गोवा दंतमहाविद्यालय. अशा ठिकाणी खाजगी दवाखान्याहून खर्च सामान्यतः कमी येतो. पावसाळ्यातील आपले रस्ते सर्वांस ठाऊक आहेत. ऐन आषाढात तारेचा तुकडा निसटून गालास टोचू लागला, तर एका तुकड्यासाठी सारा दिवस मोडतो. साच्यांचे येथे एक उजवेपण आहे: तज्ज्ञास योग्य वाटल्यास दोन-तीन महिन्यांचे साचे एकदम मिळतात व फेऱ्या वाचतात. नेमाने वागणाऱ्या प्रौढ माणसाने हे जरूर विचारून पाहावे.

मुलांस सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा दाखवून आणावे. त्या वयात तार लागतेच असे नाही. पण अंगठा चोखणे, तोंडाने श्वास घेणे यांचे परिणाम तेव्हा कळून येतात. दुधाची दाढ ‘पडणारच आहे’ म्हणून किडू देऊ नये. ती अकाली गेली की शेजारचा दात तिच्या जागी कलतो आणि मागून येणाऱ्या दातास वाट राहत नाही.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत बारीक अक्षरांत असते. सरळ झालेले दात पुन्हा जुन्या जागेकडे ओढ घेतात. म्हणून उपचारानंतर रिटेनर घालावा लागतो. आरंभी काही महिने बहुतेक दिवसरात्र, पुढे रात्रीचा, आणि तो अनेक वर्षे, किंबहुना दात सरळ राहावेत असे वाटते तोवर. हा रिटेनर झिजतो, तडकतो, कागदात गुंडाळून ठेवला तर केराबरोबर जातो, आणि अंगणात पडला तर कुत्रे चावून टाकते. त्यास झाकणाची डबी ठेवावी, व दुसरा करून घेण्यास किती पैसे पडतील, हे पहिल्याच भेटीत विचारून लिहून घ्यावे.