ताट की पाट?

भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव. आमच्या घरामागच्या पडवीत मोठेबाबा दिवसभर गुंड मठारत बसायचे. साठी आली आणि ते ‘विसरायला’ लागले. मोठीआईने ताट मागितलं की पाट आणून ठेवायचे. दिवाळीनंतर मंडई भरली की रात्रभर नाटक पाहणारा हा माणूस आठच्या ठोक्याला अंथरुणावर पडू लागला. शहरातल्या एका दवाखान्यात त्यांना तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. एकही आला नाही. स्मृतिभ्रंशाची सुरुवात, असं ठरलं. ते शब्द मुळात कानात शिरले होते का, हे कुणी पाहिलं नाही. आम्हीही नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी हा विषय जमेल तसा वाचत गेलो. कानाच्या आतल्या शंखात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. गेल्या की परत उगवत नाहीत. हातोड्यासारख्या आवाजाने आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं. त, क, स यांची ओळख पटवणारा ध्वनी बराचसा उंच पट्टीत असतो. ‘आ’ मात्र भरदार, खालच्या पट्टीचा. म्हणून माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. ताट काय नि पाट काय, दोन्हीतून ‘आट’ उरतं. बाकीचं मेंदूने अंदाजाने भरायचं. या भरणीत मेंदूची ताकद खर्च होते, लक्षात ठेवायला कमी उरते, असा एक तर्क आहे. दुसरा सरळ आहे: ऐकू न येणारा माणूस बोलणं टाळतो, एकटा पडतो, आणि मेंदूला खुराक मिळेनासा होतो.

‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यांत श्रवणदोषाचा वाटा सुमारे ७ टक्के. हा आकडा अख्ख्या समाजाचा आहे. बहिऱ्या माणसाला सात टक्के धोका, असा अर्थ काढू नये. (वर्तमानपत्रांनी तो काढलाच.)

मग श्रवणयंत्र लावलं की भागलं? अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला. निष्कर्ष २०२३ साली आले. सगळे मिळून पाहिले तर फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. जाहिरातवाले दुसरं वाक्य सांगतात, पहिलं गाळतात. माझ्या मते दोन्ही सांगूनही यंत्र घेण्यासारखं आहे, कारण त्याने निदान नाटक तरी ऐकू येतं.

कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. पडवीतल्या ऐरणीला ती कोण लावणार?

मोठेबाबांना खरंच स्मृतिभ्रंश होता की नाही, ते आता कळायचा मार्ग नाही. शेवटच्या वर्षांत घरात त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं. मोठीआई मात्र समोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश बोलायची. तिचं त्यांना बहुतेक कळायचं.

गेल्या वर्षी मी स्वतःचा श्रवण-आलेख काढून घेतला. दोन्ही कानांत ४००० हर्ट्झला खड्डा आहे. लहानपणी शाळा सुटली की मी त्या ऐरणीशेजारीच बसायचो.