फिलाडेल्फियाचें स्टेट हाउस : मूळ किती आणि मागाहून घातलेलें किती

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांताच्या कायदेमंडळानें फिलाडेल्फिया शहरांत चेस्टनट रस्त्यावर अठराव्या शतकांत बांधलेली एक विटांची इमारत ‘इंडिपेंडन्स हॉल’ ह्या नांवानें जगप्रसिद्ध आहे. १७७६ सालचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा व १७८७ सालची राज्यघटना हीं दोन्ही ह्या इमारतीच्या एकाच दालनांत संमत झालीं. तिच्याविषयीं लिहिणारे बहुधा तेथें झालेल्या वादविवादांविषयीं लिहितात. आमचा हेतु निराळा आहे. आज तेथें जें दाखविण्यांत येतें त्यांतील कोणता भाग त्या काळचा, कोणता मागाहून घातलेला, व हें कशावरून ठरलें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. हस्तलिखितें जमविणाऱ्या वाचकांस हा प्रश्न परका वाटूं नये. एकाच पोथींत मूळ लेखकाचा हात, मागाहून शोध घालणाराचा हात, आणि गहाळ पानांच्या जागीं कोणी नवीं लिहून घातलेलीं पानें असतात. ह्या वास्तूची अवस्था तशीच आहे.

प्रथम कर्तृत्वाचा प्रश्न. त्यापूर्वी कायदेमंडळ भाड्याच्या खासगी घरांत भरत असे. १७२९ सालीं स्वतंत्र इमारतीसाठीं दोन हजार पौंड मंजूर झाले व तिघांची समिति नेमली गेली: अँड्रयू हॅमिल्टन, डॉक्टर जॉन किअर्सली आणि थॉमस लॉरेन्स. हॅमिल्टन हा नामांकित वकील व कायदेमंडळाचा अध्यक्ष. न्यूयॉर्क येथील झेंगर नांवाच्या मुद्रकाचा १७३५ सालचा खटला चालविणारा तो हाच. किअर्सलीचा नकाशा वेगळा होता व जागाहि त्याला दुसरीच हवी होती. हा वाद १७३३ सालीं हॅमिल्टनच्या बाजूनें निकालांत निघाला. तोंवर, म्हणजे १७३२ पासूनच, काम सुरू झालेलें होतें. ह्यावरून पुष्कळ दिवस हॅमिल्टन हाच वास्तूचा शिल्पज्ञ असें लिहिलें जाई. परंतु एडमंड वुली ह्या सुतारमेस्त्रीचें १७३६ सालचें बिल उपलब्ध आहे. त्यांत दर्शनी बाजू, छप्पर, धुराडीं, दोन्ही मजले वगैरेंचीं रेखाटनें केल्याबद्दल पांच पौंड लावलेले आहेत. आमचे मतें ह्या पांच पौंडांच्या कागदाचें वजन मागाहून लिहिलेल्या चरित्रांहून अधिक आहे. इमारत कशी असावी हा विचार हॅमिल्टनचा, आणि ती कागदावर व विटांत उतरविणारा हात वुलीचा, असा निवाडा केल्यास दोघांवरहि अन्याय होत नाहीं. त्या काळीं त्या देशांत शिल्पज्ञाचा धंदा असा वेगळा झालेलाच नव्हता. जाणते गृहस्थ लंडनांत छापलेलीं चित्रपुस्तकें पाहत व कुशल सुतार तीं वाचून काम करीत.

इमारत सुमारें १०७ फूट लांब व ४५ फूट रुंद असून दुमजली आहे. विटा तांबड्या, प्रत्येक थरांत एक वीट लांबीनें व एक तोंडानें अशी आलटून पालटून बसविलेली. कोपऱ्यांचे व कमानींच्या मध्यावरचे दगड संगजिऱ्याचे आहेत. तळमजल्यावर मधोमध रुंद दिवाणखाना आणि त्याच्या दोहों बाजूंस जवळजवळ चौरस अशी दोन दालनें. पूर्वेचें कायदेमंडळाचें, पश्चिमेचें प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाचें. येथें एक गोष्ट लक्ष्यांत घेण्यासारखी आहे. न्यायालयाला दिवाणखान्याकडून दारच नाहीं. तीन उघड्या कमानी आहेत, म्हणजे येणाराजाणारानें सहज उभें राहून न्याय चाललेला पाहावा. समोरच्या कायदेमंडळाच्या दालनाला मात्र दार आहे, आणि तें लावतां येतें. १७७६ व १७८७ ह्या दोन्ही प्रसंगीं मसलती गुप्त राहिल्या त्या ह्याच दाराआड. वरच्या मजल्यावर सबंध लांबीची एक मोठी पडवी व तिच्यामागें गव्हर्नराच्या मंडळाचें दालन.

कायदेमंडळ १७३५ सालीं येथें भरूं लागलें तेव्हां आंतील काम अपुरेंच होतें, आणि तें पुरें व्हावयास कित्येक वर्षें लागलीं. दक्षिणेकडील मनोरा मूळ योजनेंतील नव्हे. जिना व घंटा ह्यांसाठीं तो बांधण्याचें १७५० सालीं ठरलें, आणि १७५३ सालीं तो पुरा झाला. हेंहि काम वुलीचेंच. परंतु मनोऱ्याचा विटांचा भाग तेवढा त्या वेळचा. त्यावरचें लाकडी शिखर कुजल्यामुळें १७८१ सालीं उतरविण्यांत आलें व तेथें बसकें छप्पर घातलें गेलें. आज चित्रांतून सर्वत्र दिसणारें शिखर विल्यम स्ट्रिकलंडनें १८२८ सालीं चढविलेलें आहे. त्यानें जुन्याचा आधार घेतला खरा, पण नक्षी वाढविली व त्यांत घड्याळ बसविलें. तेव्हां ज्या शिखरावरून लोक ही इमारत ओळखतात तें जाहीरनामा लिहिणारांनीं कधींच पाहिलें नाहीं. घंटेसंबंधीं पुष्कळांनीं लिहिलें आहे, म्हणून आम्ही एवढेंच नमूद करतों कीं ४ जुलै १७७६ रोजीं ती वाजल्याची हकीकत जॉर्ज लिपर्ड ह्या कादंबरीकाराच्या १८४७ सालच्या कथेपासून पसरली. समकालीन कागदांत तिला आधार नाहीं. जाहीरनामा लोकांसमोर वाचला गेला तो ८ जुलैस, इमारतीमागील पटांगणांत.

१७९९ सालीं प्रांताची राजधानी लँकेस्टरला गेली व इमारत ओस पडली. १८०२ पासून वरच्या मजल्यावर चित्रकार चार्ल्स विल्सन पील ह्याचें संग्रहालय पंचवीस वर्षें होतें. म्हणजे गव्हर्नराच्या दालनाच्या शेजारीं पेंढा भरलेले पशुपक्षी मांडलेले होते. १८१२ च्या सुमारास दोन्ही बाजूंच्या कचेऱ्या व कमानींच्या पडव्या पाडून रॉबर्ट मिल्सनें तेथें नव्या कचेऱ्या बांधल्या. परंतु सर्वांत मोठा घात १८१६ च्या सुमाराचा. तेव्हां प्रत्यक्ष जाहीरनाम्याच्या दालनांतील भिंतींवरचें लाकडी तक्त्यांचें अस्तर काढून विकण्यांत आलें. त्याच वेळीं पटांगणाचे तुकडे करून तें घरांसाठीं विकण्याचाहि बेत होता. शहरानें सत्तर हजार डॉलर देऊन सर्व मिळकत घेतली म्हणून ती वांचली. १८२४ सालीं लाफायेतचें तेथें स्वागत झालें, आणि त्यानंतरच लोकांस ह्या दालनाची खरी आठवण झाली. आज पूज्य मानलेली ही वस्तु पन्नास वर्षांच्या आंतच भंगारांत जमा झाली होती.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. १८३१ सालीं जॉन हॅविलंडनें दालनास पुन्हां लाकडी अस्तर दिलें. १८७६ च्या शतसांवत्सरिक उत्सवासाठीं फ्रँक एटिंगनें जुन्या वस्तु जमविल्या. १८९६ ते १८९८ च्या दरम्यान मेलन रॉजर्सनें मिल्सच्या कचेऱ्या पाडून पुन्हां कमानींच्या पडव्या उभ्या केल्या. प्रत्येकाचा हेतु चांगला होता. पण जेथें पुरावा संपला तेथें कल्पनेनें भर घातली गेली, आणि तसें कोठें लिहून ठेवलें नाहीं. क्षेपकांचा उगम बहुधा असाच असतो.

खरी पाठचिकित्सा १९५१ नंतरची. त्या वर्षीं इमारतीची व्यवस्था राष्ट्रीय उद्यान-खात्याकडे आली. मालकी मात्र शहराचीच राहिली. दालन मूळचें कसें होतें ह्याविषयीं दोन चित्रें साक्षीदार होतीं, आणि त्यांचा मेळ बसत नव्हता. पहिलें जॉन ट्रंबल ह्याचें, वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधील. दोन डॉलरच्या नोटेवर छापलें गेल्यामुळें तें घरोघर पोंचलें. दुसरें रॉबर्ट एज पाइन ह्यानें सुरू केलेलें, आणि १७८८ सालीं तो वारल्यावर एडवर्ड सॅव्हेजनें हातीं घेतलेलें. हें अपुरें व काळवंडलेलें आहे. प्रसिद्धि पाहिली तर पहिलें श्रेष्ठ. परंतु ट्रंबलला दालनाची आंखणी मिळाली ती जेफर्सननें १७८६ सालीं पॅरिस येथें दहा वर्षांमागच्या आठवणीवरून काढून दिलेली. तींत दारें चुकलीं, आणि पडदे व भिंतीवरचीं निशाणें चित्रकारानें शोभेसाठीं घातलीं. उलट पाइन १७८४ सालीं फिलाडेल्फियास आला तेव्हां त्याला चित्रें काढण्यासाठीं ह्याच इमारतींत जागा मिळाली होती, आणि दालनाचें मूळ लाकूडकाम तेव्हां जागच्या जागीं होतें.

शेवटीं निर्णय भिंतींनींच दिला. नवें अस्तर व गिलावा काढल्यावर मूळ तक्ते ठोकण्यासाठीं विटांत बसविलेले लाकडी ठोकळे व जुन्या रंगाच्या खुणा सांपडल्या. त्यांची मापें पाइन-सॅव्हेजच्या चित्रांतील अर्धस्तंभांशीं व कंगणीशीं जुळलीं. त्यावरून आजचें दालन बांधलें गेलें आहे. म्हणजे भिंतींवरचें लाकूड नवें आहे, पण पाठ जुना आहे.

ह्या कामाची आम्ही प्रशंसा करतों, तरी एक शंका राहते. १७७६ चा पाठ शुद्ध करण्यासाठीं त्यानंतरचे सर्व थर खरवडले गेले. वरच्या मजल्यावर १८५० नंतरचीं कांहीं वर्षें संयुक्त संस्थानांच्या सरकारचें न्यायालय भरत असे, आणि त्या वर्षींच्या कायद्यान्वयें पळून आलेल्या गुलामांच्या प्रकरणांची सुनावणी तेथें होई. सर्व माणसें समान आहेत असें ज्या दालनांत ठरलें त्याच्याच वर माणसाला धन्याच्या स्वाधीन करण्याचा हुकूम निघत असे. आज तेथें अठराव्या शतकांतील मेजवान्यांची पडवी दिसते. ती खरी आहे. परंतु त्या न्यायालयाची खूण राखली असती तर इतिहासाचें नुकसान झालें नसतें. समास कोरे करून पोथी शुद्ध होत नाहीं.

दालनांतील सामानाविषयीं थोडें सांगून थांबतों. १७७७-७८ सालीं शहर ब्रिटिश फौजेच्या ताब्यांत होतें, आणि इमारतींत जखमी कैदी ठेवलेले होते. त्या वेळीं आंतील मेजें-खुर्च्या नाहींशा झाल्या. आज तेथें असलेलीं हिरव्या बनातीचीं मेजें व साध्या खुर्च्या त्या काळच्या धर्तीवर जमविलेल्या आहेत. अध्यक्षाच्या चौथऱ्यावरची खुर्ची मात्र अस्सल. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरला आहे, आणि तो उगवता कीं मावळता ह्याविषयींचें फ्रँकलिनचें बोलणें मॅडिसनच्या टिपणांत आहे. ही खुर्ची राजधानीबरोबर लँकेस्टर व पुढें हॅरिसबर्ग येथें गेली आणि १८६७ सालीं परत आली. जाहीरनाम्याच्या वेळीं अध्यक्ष हॅन्कॉक हिच्यावरच बसला होता असें पुष्कळ दिवस सांगत. तें खरें नव्हे. जॉन फॉलवेल ह्या सुतारानें ती १७७९ सालीं केली. वॉशिंग्टन १७८७ सालीं तीवर बसला हें मात्र निश्चित आहे. फिलिप सिंग ह्या सोनारानें १७५२ सालीं घडविलेली चांदीची दौत १८७५ सालीं परत मिळाली. १७७६ सालीं दालनांत असलेल्या व आज हाताला लागण्यासारख्या वस्तूंत ती पहिली धरावी.