जॉन वेस्लीची रोजनिशी

इंग्लंडच्या धर्मसंस्थेचा दीक्षित पाळक, ऑक्सफर्डचा व्यासंगी विद्वान आणि शास्त्राचा नित्य पाठक असूनही, १७३६ च्या जानेवारीत जॉर्जियाच्या वाटेवर वादळात सापडलेल्या जहाजावर निर्भयपणे स्तोत्रे गाणारे मोरेव्हियन पंथीय पाहून ज्याला स्वतःच्या श्रद्धेचे दारिद्र्य उमगले, त्या जॉन वेस्लीला २४ मे १७३८ रोजी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरील सभेत, रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असता, आपल्या पापांची क्षमा झाल्याची अंतरी खात्री पटली. वेस्लीच्या चळवळीतून उगम पावलेली मेथडिस्ट परंपरा हा दिवस आजही कृतज्ञतेने स्मरते. परंतु त्याहून मोलाचा दाखला मला रोजनिशीच्या पुढील नोंदींत आढळतो. जानेवारी १७३९ मध्ये, त्या अनुभवास पुरते आठ महिनेही लोटले नसता, प्रेम, शांती व आनंद ही आत्म्याची फळे अंतःकरणात दिसत नाहीत, सबब आपण ख्रिस्ती नव्हे, असे त्याने लेखी कबूल केले. भावना ओसरली, तरी वचनावरची निष्ठा त्याने सोडली नाही. श्रद्धा लाभेपर्यंत श्रद्धेचाच उपदेश करीत राहा, हा मोरेव्हियन मित्र पीटर बोलर याचा सल्ला त्याने पूर्वीच शिरोधार्य मानला होता. आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात ब्रिस्टल येथे, चर्चच्या भिंतींबाहेर, उघड्या आकाशाखाली तो सामान्य जनांना प्रवचने देऊ लागला.