स्वयंपाकघरातील पात्रनिवड : पथ्याचे विसरलेले अंग

काही वर्षांपूर्वी कोतूळ भागातील एका रुग्णास आम्ही त्रिफळ्याचे भरड काढ्यासाठी दिले. रोज ताजा काढा करून घ्यावा एवढेच सांगितले. तो कोणत्या भांड्यात करावा हे सांगावयाचे राहून गेले. आठ दिवसांनी रुग्ण परत आला तो बहुतेक पुड्या तशाच घेऊन. घरी नवी लोखंडी कढई आणलेली होती, तीतच काढा उकळला गेला आणि तो शाईसारखा काळा झाला. औषधात काही विषारी मिसळले आहे, अशी घरातील वडीलधाऱ्यांची समजूत झाली व काढा उकिरड्यावर गेला. वस्तुतः औषध निर्दोष होते आणि कढईही निर्दोष होती. हिरड्यातील कषाय द्रव्य, म्हणजे टॅनिन, लोहाशी संयोग पावले की काळा वर्ण येतोच. लिहिण्याची शाई पूर्वी याच तत्त्वावर करीत. दोष आमच्या सूचनेतील अपुरेपणाचा होता. ज्या अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील रानांतून हिरडा गोळा होतो, तेथेच हिरड्याचा काढा भीतीपोटी फेकला जावा, ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली.

आपण रुग्णास पथ्यापथ्याची यादी देतो, अनुपान सांगतो, काळ सांगतो. अन्न शिजते कशात, वाटले जाते कशावर आणि मोजले जाते कशाने, हे मात्र क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात गृहस्थाच्या स्वयंपाकघरासाठी आवश्यक भांडी व उपकरणे कोणती, आणि त्यांची निवड करताना वैद्याने कोणता सल्ला द्यावा, याचा विचार करावयाचा आहे.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत. त्यांतील ‘करण’ म्हणजे द्रव्यावर होणारा संस्कार. जल, अग्नी, शौच, मंथन, देश, काल, भावना यांच्या जोडीनेच तेथे भाजनाचा, म्हणजे पात्राचा, उल्लेख येतो. याचा अर्थ स्पष्ट आहे : पात्र अन्नाला केवळ धारण करीत नाही, ते त्याच्या गुणांत भर घालते किंवा बदल करते.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ४६ व्या अध्यायात तूप लोहपात्रात, पेया रौप्यपात्रात, फळे व भक्ष्य पदार्थ पानांवर, आंबट खडादी पदार्थ दगडी पात्रात, तापवून थंड केलेले दूध ताम्रपात्रात आणि पाणी, पानक मातीच्या पात्रात द्यावे असे सांगितले आहे. आंबट पदार्थांसाठी त्यांनी धातू टाळून दगड निवडला, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. काशाच्या भांड्यात दहा दिवस ठेवलेले तूप विरुद्ध मानले आहे, हेही सर्वांस परिचित आहे. कल्पस्थानातील महानसाच्या वर्णनात स्वच्छ भांडी, ऐसपैस जागा व जाळीदार गवाक्षे यांचा आग्रह आहे. चरकसंहितेच्या उपकल्पनीय अध्यायात (सूत्रस्थान १५) उखळ, मुसळ, महानस यांसह गुळगुळीत, मध्यम व खरखरीत अशा तीन प्रकारच्या पाट्यांची, तराजूची आणि मापाच्या भांड्यांची तरतूद सांगितली आहे. उपकरणांची यादी आधी, उपचार मागाहून, असा हा क्रम आहे.

आपल्या भागातील स्वयंपाकघर

भंडारदरा, राजूर, रतनवाडी या पट्ट्यात भात, नागली व वरई ही मुख्य धान्ये. हुलगा, उडीद यांसारखी कडधान्ये जोडीला. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून येथील जुन्या वाणांकडे पुन्हा लक्ष वळले आहे. वाण जपले गेले तरी ते कांडण्याचे, दळण्याचे व शिजवण्याचे साधन घरातून गेले, तर त्या अन्नाचे मूळ रूप ताटात येत नाही. उखळात हलके कांडलेल्या भाताचा कोंडा टिकतो. यंत्रावर पूर्ण पांढरा केलेल्या तांदळाचा टिकत नाही. जुने सारेच परत आणावे असे आमचे म्हणणे नाही. दिवसभर शेतात राबणाऱ्या स्त्रीला पुन्हा रोज जात्यावर बसा म्हणणे हा अन्याय होईल. कोणते साधन ठेवावे व कोणते सोडावे, याचा विवेक हवा.

द्रव्यानुसार विचार

लोह : भाकरीचा तवा व भाजीची कढई लोखंडाची असावी. लोखंडी भांड्यात, विशेषतः किंचित आंबट अन्न शिजवल्यास त्यातील लोहाचे प्रमाण वाढते, हे आधुनिक परीक्षणांतही दिसून आले आहे. पांडुरोगी स्त्रिया व वाढत्या वयाची मुले असलेल्या घरी हे उपयुक्त आहे. मात्र ते औषधाचा पर्याय नव्हे. पदार्थ शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावा, कढईत रात्रभर ठेवू नये. धुतल्यावर कढई पुसून तेलाचा हात फिरवावा. थॅलसेमिया असणारे, किंवा अन्य कारणाने वारंवार रक्त द्यावे लागणारे रुग्ण यांना शरीरात लोह साचण्याचा धोका असतो. त्यांना लोखंडी कढईचा सरसकट सल्ला देऊ नये.

तांबे, पितळ, कासे : पितळ हा तांबे व जस्त यांचा, तर कासे हा तांबे व कथील यांचा मिश्रधातू. ताक, चिंच, कोकम, लिंबू यांच्या संपर्कात तांबे विरघळते व मळमळ, वांती, पोटदुखी उद्भवते. म्हणून पितळी पातेल्यास कल्हई हवीच. कल्हई म्हणजे शुद्ध कथलाचा लेप; नवसागराने भांडे स्वच्छ करून तो चढवितात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये. आत तांबूस-पिवळा धातू दिसू लागला की कल्हई गेली असे समजावे. कथलात शिसे मिसळलेले नाही याची खात्री देणारा कारागीरच पाहावा. विश्वासू कल्हईवाला मिळत नसेल, तर ते पितळी पातेले कोरडे धान्य ठेवण्यास वापरणे बरे. ताम्रपात्रातील पाण्याविषयी रुग्ण हमखास विचारतात. रात्रभर ठेवलेले साधे पाणी निरोगी व्यक्तीने घेण्यास हरकत नाही. पण त्यात लिंबू पिळू नये, ताक ठेवू नये आणि भांडे आतून नियमित घासावे. पिण्याच्या पाण्यातील तांब्याची जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे.

माती व दगड : पिण्याचे पाणी, विरजण व मंद आचेवरचे वरण यांसाठी मातीचे भांडे उत्तम. ते सच्छिद्र असल्याने एका पदार्थास एकच भांडे राखावे आणि धुऊन उन्हात वाळवावे. चकचकीत रंगीत लेपाच्या भांड्यात शिशाचा अंश असू शकतो. अशा भांड्यात लोणचे घालू नये.

पोलाद : ज्यास आपण स्टील म्हणतो ते गंजरोधक पोलाद रोजच्या वापरास सर्वांत निर्धोक व सोयीचे. ३०४ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. आंबट पदार्थांसाठी हीच प्रत घ्यावी. लोहचुंबक चिकटला म्हणजे भांडे हलके, ही समजूत पूर्ण खरी नाही, कारण इंडक्शन शेगडीसाठी तळाला मुद्दाम चुंबकीय पोलाद लावतात. भांड्यावरील प्रतीचा ठसा व मानक चिन्ह पाहणे हाच चांगला मार्ग.

ॲल्युमिनियम : हलके व स्वस्त म्हणून हे घरोघरी शिरले. आम्ल व मीठ यांनी ते झिजते. स्मृतिभ्रंशाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, तेव्हा रुग्णास घाबरवू नये. तथापि आमटी, कढी, टोमॅटोची भाजी त्यात शिजवू वा साठवू नये. वृक्कविकार असलेल्यांनी ते टाळावेच, कारण शरीरातून ॲल्युमिनियम बाहेर टाकण्याचे काम वृक्कांचे आहे. भंगार ओतून केलेली बिनठशाची भांडी सर्वथा वर्ज्य, कारण त्यांत शिसे असू शकते.

न चिकटणारा लेप असलेला तवा घरात असल्यास तो रिकामा तापवू नये. सुमारे २६० अंशांपुढे त्याचा लेप बिघडू लागतो. लेपाला ओरखडे पडले की तवा बदलावा.

वाटण, मापन व पाचन

एक जड खलबत्ता, एक पाटा-वरवंटा, एक धारदार विळी किंवा सुरी, एक रवी, दोन चाळण्या व स्वच्छ गाळणकापड एवढ्यात घराचे भागते. पाटा नवा असल्यास किंवा त्यास नुकतीच टाकी लावली असल्यास प्रथम थोडे तांदूळ वाटून ते टाकून द्यावेत, म्हणजे दगडाची कच अन्नात येत नाही. विजेचे मिक्सर वापरण्यास हरकत नाही. ओले वाटण थांबत थांबत करावे, म्हणजे ते फार तापत नाही.

मापनाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. प्रचलित परिभाषेनुसार यवागूस सहापट, विलेपीस चौपट व मंडास चौदापट पाणी लागते. ‘पातळ पेज द्या’ असे सांगितल्यास दहा घरी दहा प्रकारची पेज होते. घरातील एक वाटी मापाची म्हणून ठरवून द्यावी व तिच्याच भाषेत सूचना लिहावी : एक वाटी तांदूळ, सहा वाट्या पाणी.

कडधान्यासाठी प्रेशर कुकर उपकारक आहे. जसजशी उंची वाढते तसतसे पाणी कमी उष्णतेवर उकळते. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यावर ते सुमारे ९५ अंशांनाच उकळते. त्यामुळे डोंगरपट्ट्यात हुलगा, हरभरा शिजण्यास वेळ व सरपण दोन्ही जास्त लागतात. कुकरमध्ये उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते. आयएसआय चिन्ह, वेळेवर बदललेले रबर व मूळ कंपनीचाच सुरक्षा-झडपेचा भाग, या तीन गोष्टी पाहाव्यात.

चुलीचा धूर हा श्वास व कास यांच्या रुग्णांसाठी प्रत्यक्ष हेतू आहे. शक्य तेथे गॅस वापरावा. चूल ठेवावयाचीच तर धुराडे व समोरासमोर झरोके असावेत. सुश्रुतांनी सांगितलेली गवाक्षे आजही तितकीच आवश्यक आहेत.

काढ्याचे स्वतंत्र भांडे

प्रत्येक रुग्णाच्या घरी काढ्यासाठी एक वेगळे, रुंद तोंडाचे भांडे असावे असा आमचा आग्रह आहे. शार्ङ्गधरांनी मृत्पात्र सांगितले आहे. ते न मिळाल्यास स्टीलचे पातेले चालते. एक पल, म्हणजे ४८ ग्रॅम भरडास सोळापट, म्हणजे ७६८ मिलिलिटर पाणी घालून अष्टमांश, म्हणजे ९६ मिलिलिटर उरवावयाचे. घरी हे साधण्याची सोपी युक्ती अशी : आधी ९६ मिलिलिटर पाणी भांड्यात ओतून स्वच्छ लाकडी काडी उभी धरावी व पाण्याच्या पातळीस खूण करावी. मग उरलेले पाणी व भरड घालून, झाकण न ठेवता, मंद आचेवर खुणेपर्यंत आटवावे. भरडामुळे पातळी किंचित वर दिसते, म्हणून शेवटी गाळून एकदा मापून पाहावे. काढा कुकरमध्ये करू नये, कारण तेथे आटवणे होत नाही.

त्रिफळा व लोह यांचा योग मात्र सदैव निषिद्ध नाही. चरकाचार्यांनी रसायनपादात त्रिफळ्याचा कल्क नव्या लोहपात्रास एक अहोरात्र लेपून मधूदकाबरोबर घेण्यास सांगितला आहे. वैद्याने योजून केलेला योग आणि अजाणता घडलेला योग यांत हे अंतर आहे.

फार्मसीधारकांसाठी

काढ्याच्या भरडाच्या पुडीवर चार ओळी छापणे सहज शक्य आहे : भांडे कोणते, पाणी किती, उरवावे किती, झाकण ठेवावे की नाही. हिरडा, आवळकाठी, अर्जुन यांसारखी कषाय द्रव्ये असल्यास ‘लोखंडी भांड्यात करू नये’ ही पाचवी ओळ द्यावी. निर्मितीतही हाच विवेक लागू आहे : आसवारिष्टे व आंबट अवलेह ॲल्युमिनियमच्या वा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात करू नयेत. प्रवरेकाठी अगस्ति ऋषींचा आश्रम मिरविणाऱ्या अकोल्यात अगस्त्यहरीतकी करणाऱ्याने तरी कढईची प्रत विचारूनच घ्यावी.

उपसंहार

नव्याने संसार मांडणाऱ्या चार माणसांच्या घरास आम्ही पुढील क्रम सुचवितो : प्रथम झाकणासह दोन स्टीलची पातेली, लोखंडी तवा व कढई, मग कुकर, खलबत्ता, विळी व मापाची वाटी, त्यानंतर पाण्याचा माठ आणि काढ्याचे भांडे. चांदी, कासे व तांबे ही ऐपतीची बाब आहे. ‘आयुर्वेदिक’ असा शिक्का मारून विकल्या जाणाऱ्या महागड्या भांड्यांसाठी रुग्णाने कर्ज काढावे, असा सल्ला आपल्यापैकी कोणीही देऊ नये.

कोतूळच्या त्या रुग्णास आम्ही पुन्हा भरड दिले, सोबत भांड्याविषयी दोन ओळी लिहून दिल्या. काढा तांबूस तपकिरी झाला व तो घेतला गेला. तेव्हापासून आमच्या केसपेपरवर ‘आहार’ या रकान्याखाली ‘पात्र’ असा एक छोटा रकाना आहे. वैद्यबंधू-भगिनींनी तो आपल्याही केसपेपरवर आखून पाहावा, ही विनंती.