पोह्यांऐवजी ओट्स: वाटीतला खरा हिशेब

ऑकलंडमधल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हल्ली एक वाक्य वारंवार कानावर पडते. ‘एचबीए१सी ४४ आलाय, त्यामुळे पोहे-उपमा बंद. आता लो-कार्ब सुरू केलंय, रोज सकाळी फक्त ओट्स.’ न्यूझीलंडमध्ये सरासरी रक्तशर्करेचा हा आकडा भारतातल्यासारखा टक्क्यांत देत नाहीत. इथे ४१ ते ४९ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि ५० पासून पुढे मधुमेह. तेव्हा काळजी रास्त आहे आणि रोजचा नाश्ता बदलण्याची तयारी कौतुकाची. गडबड होते ती ओट्स म्हणजेच लो-कार्ब असे समजण्यात.

ओट्स हे धान्य आहे, गहू-ज्वारीसारखेच. (काही जण त्याला सातू म्हणतात, तेही बरोबर नाही. सातू म्हणजे बार्ली.) न्यूझीलंडच्या थंड दक्षिणेत, ओटागो आणि साउथलंडमध्ये ते पिकते. डनेडिनजवळच्या ग्रीन आयलंडला हॅरावेज ही गिरणी १८६७ पासून आहे. स्कॉटलंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांचे ते रोजचे, कष्टाची कामे करणाऱ्यांचे पोटभरीचे अन्न होते आणि धान्याने पोट भरते ते मुख्यतः त्यातल्या पिठूळ कर्बोदकांमुळे. ४० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये सुमारे २३-२४ ग्रॅम कर्बोदके, ४ ग्रॅम तंतू आणि ५ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच कोरड्या पोह्यांत कर्बोदके ३० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे फरक आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. ओट्सची खरी जमेची बाजू म्हणजे त्यातले तंतू आणि प्रथिने.

मग लो-कार्बमध्ये ओट्स बसतात का? कोणत्या लो-कार्बमध्ये, ते आधी ठरवावे लागेल. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके, ही सर्वसाधारणपणे वापरली जाणारी मर्यादा. त्यात मोजून घेतलेले ३०-४० ग्रॅम ओट्स सहज बसतात, मात्र दुपारच्या भाताला आणि रात्रीच्या पोळ्यांना त्या प्रमाणात कात्री लावावी लागते. कीटो या कडक लो-कार्ब आहारात दिवसाची मर्यादाच २० ते ५० ग्रॅम असते. तिथे एका वाटीत निम्मा दिवस संपतो, कधी पूर्णच.

आणि हेसुद्धा वाटी मोजून घेतलेली असेल तरच. मी स्वतः स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर करून पाहिले. नेहमीच्या सवयीने, अंदाजाने ओतलेले ओट्स ७० ग्रॅम भरले. म्हणजे ४० ग्रॅम कर्बोदके. त्यात एक कप दूध, १२ ग्रॅम. वर एक केळे, २२ ते २५ ग्रॅम. आणि ‘मानुका मध औषधी असतो’ म्हणून एक मोठा चमचा मध, १७ ग्रॅम. बेरीज नव्वदीच्या पुढे गेली. सकाळचे आठ वाजलेले, आणि १३० पैकी ४० सुद्धा उरलेले नाहीत. हे वाचून कोणी ओट्सना दोष देऊ नये, कारण अर्ध्याहून जास्त भार सोबतच्या गोष्टींचा आहे. हाच प्रयोग तुम्ही एकदा तरी करा. डोळ्यांचा अंदाज फार फसवतो.

दुसरी फसगत पाकिटावर होते. यूट्यूबवरचे अमेरिकी सल्लागार सांगतात, ‘एकूण कर्बोदकांतून तंतू वजा करा, उरेल तो नेट कार्ब.’ अमेरिकी पाकिटावर ते बरोबर आहे, कारण तिथल्या आकड्यात तंतू धरलेले असतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अन्न-मानकांनुसार मात्र कर्बोदकांचा आकडा तंतू वगळूनच छापतात. इथल्या पाकिटावर पुन्हा वजाबाकी केली की तंतू दोनदा वजा होतात आणि हिशेब खोटा पडतो. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये नोंद करत असाल, तर त्यातला आकडा कोणत्या देशाचा आहे तेही पाहून घ्या.

‘स्टील-कट घ्या, त्यात कर्बोदके कमी’ हेही खरे नाही. दाणा तोच, कर्बोदके तेवढीच. बदलतो तो वेग. जाडसर तोडलेला दाणा हळू पचतो, झटपट शिजणारे बारीक ओट्स लवकर पचतात आणि रक्तातली साखर लवकर चढते. हा फरक किरकोळ समजू नये. ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेह असलेल्या लोकांना दोन आठवडे कमी प्रक्रिया केलेली अख्खी धान्ये आणि दोन आठवडे तीच धान्ये बारीक दळून दिली. जाडसर धान्यांच्या काळात जेवणानंतरची साखर कमी चढली. २०२० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ओट मिल्कमध्ये तर दाणा उरतच नाही. विकरांनी पिठाची साखर होते आणि बराचसा चोथा गाळून जातो. दूध सोडून ते घेणे म्हणजे कर्बोदके कमी करणे नव्हे.

न्यूझीलंडमध्ये कर्बोदकांविषयी दोन ठळक विचार आहेत. ऑकलंडच्या एयूटी विद्यापीठाचे ग्रँट स्कोफिल्ड अनेक वर्षे कर्बोदके कमी करण्याचा आग्रह धरत आले आहेत. ओटागोचे जिम मान आणि अँड्र्यू रेनॉल्ड्स यांचा भर कर्बोदकांच्या प्रतीवर आहे. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या मोठ्या आढाव्याने रोज किमान २५ ते २९ ग्रॅम तंतू खाण्याकडे बोट दाखवले. ओट्समधला बीटा-ग्लुकन हा चिकट तंतू रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते, हेही पक्के आहे. मात्र ३ ग्रॅमसाठी साधारण ७५ ग्रॅम ओट्स लागतात, म्हणजे ४० ग्रॅमच्या वाटीत तो लाभ निम्माच. माझे मत असे की कीटो करायचा नसेल तर ओट्स टाकून देऊ नयेत. जाडसर घ्यावेत, ४० ग्रॅमवर थांबावे, मध आणि केळे वगळावे, आणि शिजवताना मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा जवस घालावे, नाहीतर सोबत दोन अंडी घ्यावीत. मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीत, भरपूर फ्लॉवर-मटार घालून केलेला ओट्सचा उपमा गोड पॉरिजपेक्षा आपल्या जिभेलाही बरा लागतो. न्याहारीनंतर दहा मिनिटे चालून या. हा उपायही ओटागोमध्येच तपासला गेला आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिक्लाझाइड चालू असताना कर्बोदके एकदम कमी केली, तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना कडक लो-कार्बमध्ये कीटोअ‍ॅसिडोसिसचा (रक्तात घातक प्रमाणात आम्ल साचण्याचा) धोका असतो, आणि तो साखरेचा आकडा फारसा न वाढताही होतो. यांपैकी कोणतेही औषध चालू असेल, तर नाश्ता बदलण्याआधी आपल्या जीपींना फोन करा.